बिनसहीची चादर

सोलापुरात राहून सोलापुरी चादर न पांघरणारी एकच बाई मी पाहिली, आणि नशिबानं तीच माझी घरमालकीण निघाली.

मी बार्शीची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली म्हणून सोलापुरात आले आणि खोली शोधत बाळीवेशीत एका धाब्याच्या घरापुढे उभी राहिले. माळवदावर एक खोली रिकामी आहे असं कळलं होतं. दार उघडलं ते पांढऱ्या सुती लुगड्यातल्या, उंच, वाळक्या अंगाच्या एका बाईनं. नगरपालिकेच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. मूळच्या अक्कलकोटकडच्या, त्यामुळे चिडल्या की कानडीत शिरायच्या. हे सगळं मला पुढे कळलं. त्या दिवशी त्यांनी माझं नाव-गाव काही विचारलं नाही. चुलीपाशी जाऊन एक तांब्या आणला, माझ्यापुढे पाटावर ठेवला आणि हातात कागद-पेन्सिल दिली.

"भाड्याचं नंतर बोलू. आधी हा तांब्या काढ."

मी काढला. तांब्या कसला, भोपळाच झाला होता तो. बाईंनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"बरं आहे. खाली सही कर."

"असल्या चित्रावर सही?"

"वाईट चित्रावर तर आधी करावी. नाहीतर लोक म्हणतील, मी काढलंय."

मी सही केली आणि खोली मिळाली.

मार्गशीर्षात सोलापूरलाही बऱ्यापैकी गारठा पडतो. बाई जुन्या लुगड्यांची, स्वतः शिवलेली एक गोधडी घेऊन निजायच्या. तिच्या कोपऱ्यात दोऱ्यानं त्यांचं नाव काढलेलं होतं. गोधडी इतकी विरली होती की तिच्यातून पलीकडचं दिसलं असतं. मला राहवेना. माझ्याकडे एक कोरी चादर होती, ती मी खाली नेऊन दिली. बाईंनी ती उलगडून काठ पाहिला. चादरीच्या काठात कारखान्याचं नाव विणलेलं असतं. एका बाजूनं ते सुलटं वाचता येतं आणि चादर उलटली की रंगांची अदलाबदल होऊन तेच नाव आरशात पाहिल्यासारखं दिसतं.

"हे कारखान्याचं नाव झालं. नक्षी कुणी काढली?"

"कारखान्यानंच काढली असेल की."

"कारखान्याला काय हात असतात?" बाईंनी चादर घडीवर घडी घालून परत दिली. "ज्यानं काढली त्याची सही नाही, ती चादर मी अंगावर घेत नाही."

मी मनात म्हटलं, बाईचा एक स्क्रू ढिला आहे. पुढच्या काही महिन्यांत लक्षात आलं की ढिला नव्हता, उलट फार घट्ट पिळलेला होता.

बाहेर निघताना बाईंच्या हातात काळी, पुरुषी, वाकड्या दांड्याची छत्री असायचीच. सोलापुरात पाऊस किती पडतो ते सोलापूरकरांना विचारा. बाईंची छत्री उन्हासाठी होती, आणि त्याहून जास्त बोलण्यासाठी. रस्त्यातली कुठलीही पाटी, सिनेमाचं पोस्टर, भेळेच्या गाडीवरचा मोर, ट्रकच्या मागचं कमळ, जे दिसेल त्यावर छत्रीचं टोक ठेवून त्या विचारायच्या, "हे कुणी काढलं?" सांगणारा हॉटेलचं किंवा थिएटरचं नाव सांगायचा. "तसं नव्हे. हात कुणाचा?" मग कुणीतरी मागून एखाद्या रंगानं बरबटलेल्या माणसाला पुढे ढकलायचा. तो चोरी पकडल्यासारखा उभा राहायचा. बाई त्याला त्याचं नाव विचारायच्या, दोन चुका दाखवायच्या, एक गोष्ट चांगली म्हणायच्या आणि पुढे निघायच्या. गावात त्यांना छत्रीवाल्या बाई म्हणत. पोरं तर मागून वाकून चालून नक्कलही करायची.

मी एकदा म्हणाले, "कशाला एवढं? त्यांना काही वाटत नाही नाव नसल्याचं."

"तुला वाटतं?" त्यांनी विचारलं. "दिवसभर ‘नंबर प्लीज’ म्हणतेस. तुझं नाव विचारलंय कुणी आजवर?"

विचारलं नव्हतं. मला त्याचं काही वाटतही नव्हतं, पण त्या दिवसापासून वाटायला लागलं. बाईंचा सहवास असा महागात पडायचा.

त्यांच्या स्वयंपाकघरात एक जुनं कॅलेंडर टांगलेलं होतं. त्याचे महिने केव्हाच फाटून गेले होते, वरचं चित्र तेवढं राहिलं होतं. विहिरीवर पाणी शेंदणारी एक मुलगी, फिकी पडलेली. खाली एका तेलाच्या दुकानाचं नाव आणि छापखान्याचं नाव. मी ते काढून नवं लावू का म्हणून विचारलं, तेव्हा बाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "नको. ते मी काढलंय." एवढंच. तरुणपणी काढलेलं ते चित्र गावातल्या कितीतरी घरांत वर्षभर लटकलं असणार, आणि बाई त्या घरांत पाहुण्या म्हणून जाऊन त्याच्याखाली बसल्या असणार.

त्यांच्याकडे फारसं कुणी येत नसे. दूधवाला आणि मी, एवढाच राबता. भाकऱ्या मात्र दोघींपुरत्या व्हायच्या. माझी संध्याकाळची ड्यूटी संपून मी घरी येईपर्यंत बाई दाराशी बसलेल्या असायच्या. "कडी लावायची राहिलीय म्हणून बसले," असं म्हणायच्या आणि मी आत आले की कडी न लावताच गप्पा सुरू करायच्या.

रविवार मात्र त्यांचा होता.

रविवारी बाई पहाटे उठून, खांद्याला पिशवी लावून साखर पेठेत जायच्या. तिकडे विणकरांची, तेलुगू बोलणाऱ्या लोकांची वस्ती. पुरुष मागावर, बायका घरी बिड्या वळायला. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत बोटं चाललेली. पण सूप मांडीवर घेण्याआधी प्रत्येक दारात सडा पडायचा आणि ठिपके मांडून रांगोळी निघायची. ते तिला मुग्गू म्हणतात.

एका सकाळी फिरता फिरता बाईंना एका दारात दोन राघू दिसले. राघू कोण काढत नाही? पण हे दोन्ही मान वळवून मागे बघत होते. बाई समोरच्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि काढणारी बाहेर यायची वाट पाहू लागल्या. ते दिवस कुटुंबनियोजनवाल्यांचे होते. पांढरं लुगडं, हातात छत्री, खांद्याला पिशवी आणि दाराकडे टक लावलेली बाई पाहून सगळ्या गल्लीनं भराभर दारं लावून घेतली. अखेर त्या राघूंच्या घरातून एक जाडजूड म्हातारी कमरेवर हात ठेवून बाहेर आली.

"आमच्या घरात आपरेशन झालंय. जावा तुमी."

"मला आपरेशन नकोय. हे राघू कुणी काढले ते सांगा."

म्हातारीच्या मागं एक सून उभी होती. ती पद्मावती. बारीक, डोळ्यांत पाणी आल्यासारखी चमक, आणि सतत खोकणारी. तंबाखूच्या धुळीनं तिची छाती भरून यायची. तिचा नवरा नरसय्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात होता. मूल अजून नव्हतं.

बाईंच्या पिशवीत ग्राफपेपर होता. चादरीची नक्षी आधी अशा चौकटीच्या कागदावर, एकेक चौकोन रंगवून काढतात. मग त्या चौकोनांप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडतात आणि ते पुठ्ठे मागावर चढले की नक्षी विणली जाते. ही नक्षी काढणारी माणसं कारखान्यात बसायची, शिकलेली असायची, आणि तोवर तरी सगळी पुरुषच होती. बाईंनी ठरवून टाकलं की बिड्या वळणाऱ्या बायकांनी हे काम करायचं. ठरवताना त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. विचारण्याची त्यांना सवयच नव्हती.

सुरुवातीला गल्लीतल्या पाच-सहा जणी जमायच्या. मग बिड्यांचं काम मागं पडायला लागलं, घरोघरी कुरबूर झाली, आणि एकेक जण गळाली. उरली ती पद्मावती. सासूही दोन गोष्टींसाठी तिला बसू द्यायची. एक म्हणजे खोकला, आणि दुसरी म्हणजे, हे मी स्वतः पाहिलंय, सुनेनं काढलेला मोर म्हातारी शेजारणींना बोलावून दाखवायची.

मीही एक-दोनदा बाईंबरोबर गेले होते. पद्मावतीचे पहिले कागद नुसते गच्च भरलेले असायचे, इकडे वेल, तिकडे फूल, मध्ये मासे.

"अगं, श्वास घ्यायला जागा ठेव," बाई म्हणायच्या.

"रिकामं कशाला ठिवायचं बाई? कागद फुकट जातो की."

"रिकामं असतं तेही चित्रच असतं."

पद्मावती हसायची. मग खोकायची. खोकला थांबला की पुन्हा चौकोन रंगवायला लागायची. माझ्याशी ती एकदाच मोकळेपणानं बोलली. "लई बरं वाटतं हे करताना," म्हणाली. "बिडी वळताना डोकं रिकामं ऱ्हातं. मग त्यात काय बी येऊन बसतं. हे करताना कुणी येत न्हाय."

वर्षभरानं बाईंनी तिचे राघू एका कारखानदारापुढे नेऊन ठेवले. हा कारखानदार त्यांचा शाळेतला विद्यार्थी. बाईंना पाहून अजून उठून उभा राहायचा. त्यानं नक्षी घेतली, पैसे रोख दिले, आणि आणखी आणायला सांगितलं. नवी चादर दुकानात लागली तो दिवस मला आठवतो. बाईंनी आम्हा दोघींना नवी पेठेत नेलं. पद्मावती लग्नातलं लुगडं नेसून आली होती. दुकानात काही केल्या शिरेना. रस्त्याच्या पलीकडून, सायकलींच्या मधून मान वर करून बघत राहिली. तांबड्यावर पांढरे राघू, सगळे मागे वळलेले. एका गिऱ्हाइकानं ती चादर उतरवून घेतली, हात फिरवला आणि बांधून द्यायला सांगितलं. पद्मावतीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं खोकतेय. ती रडत होती.

गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण बाईंनी दुकानातून एक चादर मागून आमच्यापाशी रस्त्यापलीकडे आणली आणि तिचा काठ उलगडला.

"हिचं नाव कुठाय?"

"ऱ्हाऊ द्या की बाई," पद्मावती म्हणाली. "घेतली न्हवं त्यांनी नक्षी? लई झालं."

बाईंनी ते ऐकलंच नाही. आता वाटतं, त्यांना पद्मावती दिसतच नव्हती त्या क्षणी. त्यांना ते विहिरीवरचं कॅलेंडर दिसत होतं.

दुसऱ्या दिवसापासून बाई कारखानदाराच्या ऑफिसात जाऊन बसू लागल्या. सकाळी जायच्या, छत्री दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरून खुर्चीवर बसायच्या, चहा आला तर प्यायच्या आणि दुपारी उठून यायच्या. मागणी एकच होती. काठात कारखान्याच्या नावाखाली पद्मावतीचं नाव विणायचं.

"बाई, असं कुठं असतं का?" कारखानदार काकुळतीला आला. "आज नक्षीवालीचं घातलं, उद्या सूत रंगवणारा म्हणेल माझं घाला, परवा माग चालवणारा म्हणेल."

"घाल की. चादर चांगली लांब असते."

"लोक हसतील हो."

"चौथीत तू हत्तीला पाच पाय काढले होतेस. तेव्हा हसले होते लोक. मी हसले होते का?"

बिचाऱ्यानं हात टेकले. एका खेपेच्या चादरींवर नाव घालून बघू, म्हणाला. बाई त्या दिवशी घरी आल्या त्या पेढे घेऊन. जन्मभर रिकाम्या घरात वावरलेल्या त्या बाईंना मी पहिल्यांदाच गुणगुणताना ऐकलं. पद्मावतीला यातलं काही सांगायचं नाही, एकदम चादरच हातात ठेवायची, असं त्यांनी मला बजावलं.

बाईंच्या हिशेबात सगळं होतं. सही होती, न्याय होता, मागावरचे पुठ्ठे होते. चादर माणसाच्या अंगावर असते, एवढं एक त्यांच्या डोक्यात आलं नाही. आमच्या इकडे नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेत नाही, उखाण्यातसुद्धा लाजतो. आणि इथं एका घरातल्या सुनेचं नाव गावोगावच्या अंथरुणांत जाऊन पडलं.

बाईंनी चादर पद्मावतीच्या हातात ठेवण्याआधीच त्या बाजारात गेल्या आणि गोष्ट कारखान्यापुढच्या चहाच्या टपरीवर पोचली. नरसय्या तिथं उभा होता. कुणीतरी मागावरचाच सोबती त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काल लई गार होतं रं. पद्मावती घेऊन झोपलो, मग बरं वाटलं." टपरीभर हशा पिकला. नरसय्यानं चहाचा ग्लास त्याच्या तोंडावर फेकला. मारामारी झाली, नरसय्याचं डोकं फुटलं, आणि तो घरी आला तो कपाळाला फडकं बांधून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मावती आमच्या दारात आली. तिनं बाईंचं घर त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, विचारत विचारत आली असणार. हातात ग्राफपेपरची गुंडाळी, रंगाच्या बाटल्या, कुंचले, सगळं एका फडक्यात बांधलेलं. बाई म्हणाल्या, "आत ये गं." ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"बाई, नाव मी मागितलं होतं का?"

बाईंनी तिच्या हातातल्या गाठोड्याकडे पाहिलं.

"काम मागितलं होतं की. नाव कुणी मागितलं होतं?" तिचा आवाज चढला नाही. "आता काम बी गेलं. घरी मालक बोलत न्हाईत माज्याशी. सासू म्हणते, तिरुपतीच्या देवीचं नाव लोकांच्या पायाखाली घातलं तू. मी काय सांगू त्यास्नी? मी घातलं का?"

"चूक झाली गं," बाई म्हणाल्या. "माझं नाव कुठं राहिलं नाही, म्हणून मला वाटलं…" वाक्य पुरं झालं नाही. पद्मावतीनं गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं आणि खोकत खोकत गल्लीच्या वळणापर्यंत गेली. बाई ते गाठोडं कितीतरी वेळ उचलेनात.

पण हातावर हात ठेवून बसतील तर त्या बाई कसल्या. कारखानदाराकडे जाऊन त्यांनी नावाचे पुठ्ठे उतरवायला लावले. मग पोस्टातली शिल्लक काढली आणि गावातल्या दुकानांतून नाव असलेली एकेक चादर शोधून विकत घ्यायला सुरुवात केली. नवी पेठ, मंगळवार पेठ, स्टेशनसमोरची दुकानं. छत्रीच्या टोकानं ढीग दाखवायचा, काठ उलगडायचा, नाव दिसलं की बाजूला काढायची. मला त्यांनी बार्शीची दुकानं वाटून दिली होती. सुट्टीत घरी गेले की आईला भेटण्याआधी मी कापडबाजारात जायची. तिथल्या दुकानदारांना मी वेडी वाटत असणार. घरमालकिणीचा गुण लागतोच.

आमच्या खालच्या खोलीत राघूंच्या चादरींची थप्पी लागली. बाई दुपारभर कात्री घेऊन बसायच्या. विणलेलं नाव उसवता येत नाही, त्यामुळे सगळा काठच कापून काढावा लागे. काठ कापायचा, कडा दुमडून शिवायची. ज्या बाईनं आयुष्यभर रस्त्यातल्या प्रत्येक चित्राला नाव मागितलं, ती एकेक नाव कातरत बसली होती. मला ते बघवायचं नाही. मी वर निघून जायची आणि कात्रीचा आवाज वरपर्यंत यायचा.

बिनकाठाच्या त्या चादरी त्यांनी कुंभारीकडच्या मजुरांच्या वस्तीत वाटून टाकल्या. उरल्या त्या नावाच्या पट्ट्या. त्या पिशवीत भरून बाई साखर पेठेत गेल्या. मला बरोबर चल म्हणाल्या नाहीत, पण मी गेले.

सासू ओट्यावर सूप घेऊन बसली होती. शेजारी पद्मावती, तिच्याही मांडीवर सूप. सगळी बोटं थांबली. बाईंनी पिशवीतून मुठीमुठीनं पट्ट्या काढून ओट्यावर टाकल्या. तांबडा-पांढरा ढीग पडला.

"मला सापडल्या तेवढ्या आणल्या," बाई म्हणाल्या. "एखाद-दुसरी राहिली असेल गावाबाहेर. तिला मी काय करू?"

म्हातारीनं एक पट्टी उचलून बघितली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ती पद्मावतीपुढे धरली, पद्मावतीनं हो म्हणून मान हलवली. मग म्हातारीनं सगळा ढीग सुपात भरला, आत नेला आणि अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातला. धूर बाहेर आला. ती परत येऊन बसली.

"टीचरबाई, तुमचं मन वाईट न्हाय," ती म्हणाली. "माज्या सुनेची छाती भरलीया. हा तंबाखू तिला मारंल. मला काय कळत न्हाय व्हय? तिला नक्षी काढू दे. मी पोराला सांगते. पन नाव न्हाय घालायचं कुटं."

"नाही घालणार."

"आनि तुमी यायचं न्हाय."

बाईंनी मान वर केली. "मी फक्त शिकवायला…"

"तुमी आला की नाव येतंय मागनं," म्हातारी म्हणाली. "तुमास्नी ऱ्हावत न्हाय. मी बघितलंय की."

खरंच होतं ते. म्हातारीनं बाईंना माझ्याहून नीट ओळखलं होतं. पद्मावती खाली मान घालून सुपातली पानं सारखी करत होती. तिनं एकदा तरी वर बघावं असं मला फार वाटत होतं. बाईंनाही वाटत असणार.

"बरं," बाई म्हणाल्या.

एवढाच शब्द. एरवी ‘बरं’ म्हणून गप्प बसणारी बाई नव्हती ती. त्यांनी फडक्यात बांधलेले कागद आणि कुंचले पिशवीच्या तळातून काढून ओट्यावर ठेवले, दारातली रांगोळी चुकवून वळसा घातला आणि छत्री उघडून निघाल्या. वाटेत एकाही पाटीखाली थांबल्या नाहीत.

पद्मावतीनं पुन्हा काम सुरू केलं. नरसय्या कागद कारखान्यात पोचवायचा, पैसे आणायचा. बिड्यांचं सूप तिच्या मांडीवरून उतरलं, असं कारखानदारानं बाईंना आवर्जून सांगितलं. बाईंना हवं होतं ते सगळं झालं होतं. फक्त त्यात बाई नव्हत्या.

पुढचे रविवार मला आठवतात. बाई पहाटे उठायच्या, पिशवी खांद्याला लावायच्या, छत्री घ्यायच्या आणि निघायच्या. कन्ना चौकापर्यंत जाऊन तिथून परत यायच्या. "लवकर आलात?" मी विचारायची. "ऊन फार झालं." पौषातसुद्धा त्यांना ऊन फार व्हायचं. मग संध्याकाळी नवी पेठेत जाऊन दुकानदाराला चादरी उलगडायला लावायच्या. पद्मावतीची नक्षी त्या लांबून ओळखायच्या, तिचा प्रत्येक पक्षी मान वळवून मागे बघायचा. "जागा सोडायला लागली," एकदा घरी येऊन म्हणाल्या. त्या रात्री त्या पोटभर जेवल्या. चादर मात्र एकही विकत घेतली नाही. बिनसहीची होती.

माझी कोल्हापूरला बदली झाली. निघताना बाईंनी माझ्या तांब्याचा तो कागद काढून दाखवला, सहीसकट. "ठेवते," म्हणाल्या. मला रडू आलं आणि त्यांनी मला रागावून, कानडीत, रिक्षात बसवलं.

त्यानंतर काही वर्षांनी, वैशाखात, चुलतभावाच्या लग्नाला बार्शीला जाताना मी सोलापुरात उतरले. आहेरासाठी चादर घ्यावी म्हणून दुकानात गेले. दुकानदारानं निळी-पांढरी चादर पुढ्यात टाकली. मागे वळलेले पक्षी बघून मी काठ हातात घेतला. कारखान्याचं नाव होतं. दुसरं नाव कुठं नव्हतं. पण चादरीच्या अगदी कोपऱ्यात, वेलीच्या शेवटच्या पानाखाली, एक बोटभर छत्री विणलेली होती. वाकड्या दांड्याची. मी दुसरी चादर काढायला लावली, तिसरी काढायला लावली. नक्षी वेगवेगळी, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात छत्री. दुकानदार म्हणाला, "ते काय की बुवा. ह्या नक्षीवालीच्या सगळ्या मालावर असतंय. गिऱ्हाइकास्नी आवडतंय."

आहेराचं मी दुसरं काहीतरी घेतलं आणि ती चादर घेऊन बाळीवेशीत गेले.

बाई आडव्या पडल्या होत्या. आणखी वाळल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. वरची खोली रिकामीच होती, तांब्या नीट काढणारं कुणी मिळालं नाही म्हणे. मी काही न बोलता चादर त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती हातानं बाजूला सारली.

"बिनसहीची मी घेत नाही, माहीत आहे ना तुला?"

मी कोपरा शोधून त्यांच्या बोटांत दिला. त्यांनी तो दाराच्या उजेडात नेला, डोळ्यांच्या इतक्या जवळ धरला की नाकाला लागला. मग अंगठ्यानं चाचपला.

"दांडा उलटा काढलाय," त्या म्हणाल्या.

मी चादर उलटली. निळ्याचं पांढरं झालं, पांढऱ्याचं निळं, आणि दांडा सुलटा झाला. त्यांनी पुन्हा पाहिलं.

"ही तिची सही नाही. माझी आहे," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याची सही करणाऱ्याला मी वर्गात उभं करत असे."

"मग करा की उभं. बोलवा तिला."

"मी तिकडे निरोप धाडणार नाही. शब्द दिलाय."

"ती कधी आली नाही?"

बाईंनी चादरीवरची एक नसलेली सुरकुती सपाट केली. "कामात असते ती," त्या म्हणाल्या. "तेवढ्यासाठीच तर होतं सगळं."

बाहेर सोलापूरचं ऊन रणरणत होतं. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. बाई पुन्हा आडव्या झाल्या, चादर पायांपासून ओढत हनुवटीपर्यंत आणली, आणि छत्रीचा कोपरा नेमका हातात येईल अशी सारखी करून घेतली.

"उकडेल हो बाई," मी म्हणाले.

"उकडू दे," त्या चादरीतून म्हणाल्या.